घट

पहिल्या सत्रात शिकवलं : साठा म्हणजे थांबलेला पैसा.
रत्नागिरीला, उपकेंद्राच्या तिसऱ्या मजल्यावर,
सरांनी फळ्यावर एक करवत काढली.
साठा उतरतो, तळाला टेकतो, पुन्हा ताठ उभा राहतो.
दात सगळे सारखे.
मी वहीत पट्टी लावून काढली.

उन्हाळी प्रकल्पाला बाकीचे लोट्याच्या कारखान्यांत गेले,
केतकी खवळे पुण्याला, मामाच्या ओळखीने.
मी घरी आले, हर्णैला,
बर्फाच्या फॅक्टरीत,
कारण तिथे कुणी नाही म्हणालं नाही.

विषय : लघुउद्योगातील साठा व्यवस्थापन.
मार्गदर्शक : इस्माईलचाचा सोलकर.
हुद्दा विचारला तर म्हणाले,
लिही काय लिहायचं ते.

महिनाभर केसांना अमोनियाचा वास.
साच्यातून लादी सुटते तेव्हा आधी कण्हते,
मग हूक, मग फळी, मग बैलगाडी,
बैल पोटापर्यंत पाण्यात,
तिथून होडी, तिथून बोट.
प्रत्येक टप्प्याला थोडं थोडं समुद्राला.

रजिस्टरला पाच रकाने :
तारीख, तयार, रोख, उधार
आणि शेवटी, अरुंद, घट.
चाचा म्हणाले, बाय, बर्फ हाय. पानी व्हनारच.

मी मोबाइलवर वेळ लावून मोजलं.
भुशात, सावलीत, ताडपत्रीखाली.
शेकडा सात.
रजिस्टर म्हणत होतं अकरा.

कारणं शोधायला माशाच्या काट्याची आकृती काढतात.
मी काढली : माणूस, यंत्र, पद्धत, माल.
आई पाटी उतरवून वाकून बघत राहिली.
हा कुठला मासा गं?
ह्याला खायला काय आहे?

मग जुनी रजिस्टरं काढली, कसर लागलेली.
घट सगळीकडे सारखी नव्हतीच.
मध्येच एखाद्या दिवशी दोन लाद्या, एकदम तीन,
आणि तेही जुलैत,
बोटी वर ओढलेल्या, मासेमारी बंद,
फॅक्टरीत एकच साचा चालू, तोही अर्धा.
विचारलं तर चाचांनी चष्मा पुसला.
त्या दिवशी ऊन होतं.

जुलैत.

पान उलटत गेले.
एकोणीस जुलै. तयार चार. रोख निरंक. उधार निरंक.
घट दोन.

ही तारीख आमच्या घरी कुणी मोठ्याने म्हणत नाही.
दादा सलालाहून निघाला होता, विमानं बदलत,
आणि बाबा पडवीत, दोन रात्री,
गोणपाटात गुंडाळलेल्या दोन लाद्यांमध्ये.
पाणी उंबऱ्यापर्यंत यायचं, आई पुसायची,
पिळायची, पुन्हा पुसायची.
बर्फ कुणी आणला, हे आम्ही तेव्हा विचारलं नाही.
बिल घेऊन कुणी आलं नाही, हेही
मला आत्ता कळलं, रकान्यात.

मी बोट ठेवून बाकीच्या तारखा वाचल्या.
काही ओळखीच्या निघाल्या.
पाजपंढरीचा बुडालेला मुलगा.
पावश्यांच्या सुनेचा दिवस.
चार टक्क्यांतलं सगळं नाही, पण बरंचसं.

अहवालात मी शिफारशी लिहिल्या :
दाराला प्लॅस्टिकचा पडदा लावावा.
भुसा दर पंधरवड्याला बदलावा.
आधी आलेला माल आधी काढावा.
सगळ्या खऱ्या होत्या.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक.
अकरा टक्के? सात अपेक्षित असताना?
ह्या फरकाचं विश्लेषण कुठंय?
माझ्याकडे सव्वीस स्लाइड होत्या.
म्हटलं, सर, बंदर आहे. वितळतं.
त्यांनी पेनाचं टोपण लावलं.
शंभरपैकी चोपन्न.

स्पायरल बांधलेली एक प्रत चाचांना दिली.
त्यांनी पानं नुसती चाळली, इंग्रजी,
करवतीच्या चित्रापाशी जरा थांबले,
मग विचारलं,
घटीचा रकाना ठेवलास ना?
ठेवलाय.
मग बरं, म्हणाले,
आणि हूक घेऊन लादीकडे वळले.